मेंदूच्या रेषा आणि मुक्त सॉफ्टवेअर

मेंदूतील विद्युत्-क्रियेची नोंद घेण्याचे शास्त्र आता शंभर वर्षांचे झाले आहे आणि त्यांतली पहिली सत्तर वर्षे ते प्रामुख्याने डोळ्यांनी वाचण्याचे शास्त्र होते. जर्मनीतील येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ साली मानवी मेंदूची पहिली विद्युत्-नोंद घेतली, पाच वर्षे ती पुन्हापुन्हा पडताळून पाहिली आणि १९२९ साली प्रसिद्ध केली. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून सेकंदाला सुमारे दहा आवर्तनांची एक संथ लहर टिपता येते आणि डोळे उघडताच ती मावळते, हे त्यांचे निरीक्षण समकालीनांना बराच काळ पटले नाही. १९३४ साली केंब्रिजमध्ये एडगर अ‍ॅड्रियन आणि ब्रायन मॅथ्यूज यांनी तोच प्रयोग स्वतः करून दाखवल्यावर मात्र शंका विरल्या आणि ईईजी, म्हणजे डोक्याच्या त्वचेवर इलेक्ट्रोड लावून घेतलेला मेंदूचा विद्युत्-आलेख, जगभरच्या रुग्णालयांत पोहोचला.

या आलेखाचे वाचन म्हणजे कागदाचे वाचन होते. शाईच्या लेखण्या सरकत्या कागदावर रेषा उमटवत, कागद सामान्यतः सेकंदाला ३० मिलिमीटर या वेगाने पुढे जाई, आणि त्या हिशेबाने एका तासाच्या नोंदीला १०८ मीटर कागद लागे. घड्या पडत जाणाऱ्या त्या थप्पीचे एकेक पान उलटत तज्ज्ञ डॉक्टर अपस्माराचे टोकदार उठाव किंवा झोपेच्या पायऱ्या ओळखत. ही विद्या खरोखर मोठी होती आणि आजही तिला पर्याय नाही. परंतु एका तज्ज्ञाने काय पाहिले आणि ते कशावरून ठरवले, हे दुसऱ्याने तपासायचे असेल तर त्याने तोच कागद हातात घेऊन तितकीच वर्षे घालवलेली असणे आवश्यक होते. गणिताच्या साहाय्याने रेषा उलगडण्याचे प्रयत्न लवकर सुरू झाले होते. बर्गर यांच्या हयातीतच, १९३२ साली, जी. डीट्श यांनी फूरियेची रीत, म्हणजे कोणतीही वेडीवाकडी लहर अनेक साध्या लहरींच्या बेरजेत मांडण्याची पद्धत, ईईजीला लावली. मात्र ती आकडेमोड हाताने करायची असल्याने अवघ्या काही सेकंदांच्या नोंदीलाही अपार श्रम पडत, आणि १९६५ साली जेम्स कूली व जॉन ट्यूकी यांची जलद गणनपद्धत प्रसिद्ध होऊन संगणक हाताशी येईपर्यंत हे काम नित्याचे होऊ शकले नाही.

संगणक आले तेव्हा कागद गेला, पण त्याच्या जागी एक नवी अडचण उभी राहिली. प्रत्येक यंत्रनिर्मात्याने नोंद साठवण्याची आपली स्वतंत्र रीत ठरवली, ती उघडणारे सॉफ्टवेअर स्वतःच विकले आणि त्या सॉफ्टवेअरच्या आत कोणती गाळणी, कोणते गणित चालते हे ग्राहकाला दिसेनासे झाले. कागदावरची रेषा निदान सर्वांना सारखी दिसत असे; आता एका प्रयोगशाळेची नोंद दुसरीला उघडतासुद्धा येईना. या कोंडीवरचा पहिला तोडगा झोपेचा अभ्यास करणाऱ्यांकडून आला. कोपनहेगन येथे १९८७ साली भरलेल्या निद्राविषयक परिषदेत काही युरोपीय वैद्यकीय अभियंते एकत्र आले, आणि त्यांच्या विचारविनिमयातून १९९२ साली ‘युरोपियन डेटा फॉरमॅट’, म्हणजे ईडीएफ, ही अत्यंत साधी फाइलरचना बॉब केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. फाइलीच्या आरंभी साध्या अक्षरांत लिहिलेली माहिती आणि त्यापुढे ओळीने मांडलेले पूर्णांक, इतकीच ती रचना होती; परंतु ती कोणाच्याही मालकीची नव्हती, आणि या क्षेत्रातील पुढच्या सर्व खुल्या कामाची सुरुवात या साधेपणात शोधावी लागते.

सॉफ्टवेअर मुक्त असण्याची निकड कशामुळे भासू लागली, हे समजण्यासाठी ईईजीच्या रेषेत काय काय मिसळलेले असते ते पाहिले पाहिजे. कवटीवरून टिपलेला मेंदूचा विद्युत्-दाब साधारणपणे दहा ते शंभर मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टच्या दशलक्षांश भागांच्या पटीत असतो, तर पापणी एकदा लवली की कपाळाजवळच्या इलेक्ट्रोडवर त्याच्या कित्येक पट मोठा उठाव येतो. त्यात जबड्याच्या स्नायूंची थरथर, हृदयाचा ठोका आणि खोलीतील विजेच्या तारांची गुणगुण यांची भर पडते. शिवाय कवटी व त्वचा यांतून विद्युत्-क्षेत्र पसरत असल्याने एकाच इलेक्ट्रोडवर मेंदूतील अनेक दूरदूरच्या स्रोतांची बेरीज येते. जुनी पद्धत अशी होती की, पापणी लवली तो तुकडा सरळ कापून टाकायचा. लहान मुले आणि रुग्ण यांच्या नोंदींत असे करता करता हाती फारच थोडे उरत असे.

कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो परिसरात १९९५-९६च्या सुमारास या प्रश्नाला वेगळी दिशा मिळाली. साल्क इन्स्टिट्यूटमध्ये अँथनी बेल आणि टेरेन्स सेज्नॉवस्की यांनी १९९५ साली ‘स्वतंत्र घटक विश्लेषणा’ची, इंग्रजी आद्याक्षरांवरून आयसीए म्हटल्या जाणाऱ्या पद्धतीची, एक कार्यक्षम रीत प्रसिद्ध केली होती. लग्नाच्या मांडवात ठिकठिकाणी मायक्रोफोन ठेवले तर प्रत्येकात सनई, भटजी आणि पाहुण्यांचा गलबला हे सारे कमीअधिक प्रमाणात मिसळलेले येईल. हे आवाज एकमेकांपासून स्वतंत्रपणे उमटतात एवढे एकच गृहीत धरून ते सुटे करणे, असे या पद्धतीचे स्वरूप आहे. स्कॉट माकेग यांनी बेल, त्झी-पिंग युंग आणि सेज्नॉवस्की यांच्यासह ती ईईजीला लावून पाहिली, आणि पापणीचा उठाव एक स्वतंत्र घटक म्हणून बाजूला निघाला. तो वजा करून उरलेली नोंद पुन्हा जुळवली की मेंदूची लहर त्याच सेकंदातही शाबूत राहात असे. ही गोष्ट निबंधातील समीकरणे वाचून कोणाला पटण्यासारखी नव्हती, स्वतःच्या नोंदीवर करून पाहिल्याशिवाय तिचा प्रत्यय येणे शक्य नव्हते, आणि म्हणूनच १९९७ साली या गटाने आपली आज्ञावली इंटरनेटवर सर्वांसाठी ठेवली.

तीतूनच पुढे ईईजीलॅब घडले. आर्नो देलोर्म आणि माकेग यांनी सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील स्वार्ट्झ सेंटरमध्ये जुन्या सुट्या आज्ञांना एकत्र बांधून, माउसने चालवता येईल असा दर्शनी भाग जोडून ते सिद्ध केले आणि त्यावरचा त्यांचा २००४ सालचा निबंध पुढे हजारो संशोधनांत उद्धृत झाला. वापरणाऱ्याच्या दृष्टीने त्यात घडते ते असे: पडद्यावर सर्व इलेक्ट्रोडच्या रेषा एकाखाली एक सरकतात, विश्लेषण पूर्ण झाले की प्रत्येक स्वतंत्र घटकासाठी डोक्याचा एक छोटा गोल नकाशा उमटतो, ज्याचा लाल-निळा रंग कपाळाशी एकवटला असेल तो बहुधा डोळ्यांचा आणि ज्याचा मागच्या बाजूला असेल तो बहुधा दृष्टिकेंद्रातील दहा आवर्तनांच्या लहरीचा. कोणता घटक वगळायचा, हा निर्णय मात्र माणसाचा असे. येथेच ईईजीलॅबच्या कर्त्यांची दूरदृष्टी दिसते. मेनूमधून केलेली प्रत्येक कृती एका लिखित आज्ञेच्या रूपात नोंदली जात राहते, ती यादी जशीच्या तशी उतरवून घेता येते, आणि दुसऱ्या शहरातील संशोधकाला तीच पावले त्याच क्रमाने पुन्हा टाकून पाहता येतात. वाचनाच्या जुन्या विद्येत जे तज्ज्ञाच्या मनात राहात असे, ते येथे प्रथमच कागदोपत्री आले. सॉफ्टवेअर विनामूल्य मिळाले याचे कौतुक अनेकांनी केले आहे, आणि गरीब देशांतील प्रयोगशाळांच्या दृष्टीने ते रास्तही आहे. पण इतिहासात अधिक वजन या दुसऱ्या गोष्टीला दिले पाहिजे.

एक उणीव मात्र या रचनेत मुळापासून राहिली होती. ईईजीलॅब मुक्त असले तरी ते मॅटलॅब या सशुल्क गणनप्रणालीवर चालत असे. मॅटलॅबचे पूर्वरूप क्लीव्ह मोलर यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यू मेक्सिको विद्यापीठातील विद्यार्थ्यांसाठी लिहिले होते, आणि १९८४ साली मॅथवर्क्स ही कंपनी स्थापन होऊन ते विकाऊ उत्पादन झाले. जीववैद्यकीय संशोधनात त्याचा प्रसार एवढा झाला की मुक्त साधने लिहिणाऱ्यांनाही त्याच जमिनीवर बांधकाम करणे भाग पडले. नेदरलँड्समधील नायमेखेन येथील डोंडर्स केंद्रात रॉबर्ट ओस्टनवेल्ड आणि सहकाऱ्यांनी घडवलेले फील्डट्रिप याच जमिनीवर उभे राहिले. पॅरिस, लॉस एंजेलिस आणि लॉस अलामोस येथील गटांच्या सहकार्यातून आलेले ब्रेनस्टॉर्म आणि लंडनमध्ये कार्ल फ्रिस्टन यांनी सुरू केलेले एसपीएम यांचीही तीच गोष्ट. फील्डट्रिपने तर दर्शनी खिडक्याच टाळल्या आणि संशोधकाने आपले विश्लेषण आज्ञा लिहूनच करावे असा आग्रह धरला, जो सुरुवातीला अनेकांना जाचक वाटला तरी संशोधकाने काय केले याचा लेखी पुरावा आपोआप मागे ठेवणारा होता.

मॅटलॅबबाहेरची वाट ज्या ठिकाणी फुटली ते ठिकाण शिकागो विद्यापीठातील अपस्मार-संशोधनाची एक प्रयोगशाळा होते, आणि ही वाट पाडणारे जॉन हंटर हे मज्जासंस्थेच्या जीवशास्त्राचे अभ्यासक होते. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्माराच्या रुग्णांत शस्त्रक्रियेपूर्वी मेंदूच्या प्रत्यक्ष पृष्ठभागावर इलेक्ट्रोडची जाळी ठेवून नोंद घेतात; तिला इलेक्ट्रोकॉर्टिकोग्राफी म्हणतात, आणि झटक्याचा उगम नेमका कोठे आहे, कोणता भाग काढता येईल व कोणता राखला पाहिजे, हे तिच्यावरून ठरते. या नोंदींच्या विश्लेषणासाठी प्रयोगशाळेकडे एक विकतचे सॉफ्टवेअर होते, परंतु परवाना एकच. तो परवाना डाँगल नावाच्या, संगणकाला जोडायच्या एका छोट्या उपकरणात बंदिस्त असे, आणि विद्यार्थी, उमेदवार डॉक्टर व संशोधक ते उपकरण पाळीपाळीने वापरत. हंटर यांनी प्रथम मॅटलॅबमध्ये पर्याय लिहिला आणि तो काही अंशी चाललाही. पण एकाच रुग्णाचे सीटी, एमआरआय, ईईजी आणि मेंदूपृष्ठावरील नोंदी वेगवेगळ्या सर्व्हरवर विखुरलेल्या असताना त्या सर्वांची जुळणी करणे मॅटलॅबला पेलेना, कारण ते जगाकडे मुळात आकड्यांच्या कोष्टकासारखे पाहणारे साधन आहे. तेव्हा हंटर पायथन या मुक्त प्रोग्रॅमिंग भाषेकडे वळले. त्या भाषेत आलेख काढण्याचे मनाजोगे साधन नव्हते, म्हणून त्यांनी ते स्वतः लिहिले, मॅटलॅबच्या सवयीच्या संशोधकांना परके वाटू नये म्हणून त्यातील आज्ञांची धाटणी मॅटलॅबसारखी ठेवली, आणि २००३ साली ते मॅटप्लॉटलिब या नावाने सर्वांसाठी खुले केले.

मेंदूच्या रेषा पडद्यावर पाहता याव्यात म्हणून जन्मलेले हे साधन पुढे विज्ञानाच्या बहुतेक शाखांत पसरले, आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या कृष्णविवराच्या पहिल्या प्रतिमेच्या कामातही ते वापरले गेले. हंटर यांना ते पाहायला मिळाले नाही. जुलै २०१२ मध्ये वैज्ञानिक पायथनच्या वार्षिक परिषदेत त्यांनी मुख्य भाषण केले, त्यानंतर लगेच त्यांना आतड्याच्या कर्करोगाचे निदान झाले आणि २८ ऑगस्ट २०१२ रोजी, वयाच्या ४४व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मॅटप्लॉटलिबचे काम मायकेल ड्रोटबूम आणि इतर सहकाऱ्यांनी खंड न पडता पुढे चालवले. एका माणसाच्या मालकीची नसलेली आज्ञावली त्या माणसामागे टिकते याचे इतके स्पष्ट उदाहरण या क्षेत्रात दुसरे नाही.

याच काळात प्राण्यांच्या मेंदूत सूक्ष्म इलेक्ट्रोड घालून एकेका चेतापेशीचे स्पंदन टिपणाऱ्या संशोधकांपुढे वेगळेच काम होते. एका इलेक्ट्रोडला आसपासच्या अनेक पेशी ऐकू येतात, प्रत्येक स्पंदन सुमारे एक मिलिसेकंद टिकते, आणि कोणते स्पंदन कोणत्या पेशीचे हे त्याच्या आकारावरून ठरवावे लागते. न्यूअर्क येथील रटगर्स विद्यापीठात ग्यॉर्गी बुझाकी यांच्या प्रयोगशाळेतून लिन हझान, मिशेल झुगारो आणि बुझाकी यांनी २००६ साली क्लस्टर्स, न्यूरोस्कोप आणि एनडीमॅनेजर हा मुक्त संच प्रसिद्ध केला, आणि तो मॅटलॅबवर अवलंबून नव्हता. न्यूरोस्कोपमध्ये कच्च्या नोंदी, स्पंदने आणि प्राण्याची हालचाल एकाच कालरेषेवर पाहता येत, तर क्लस्टर्समध्ये स्पंदनांचे रंगीत ठिपक्यांचे पुंजके हाताने छाटता वा जोडता येत. छाटणी बरोबर झाली की नाही, हे तपासण्याची एक सुंदर कसोटी तेथेच समोर असे: एकदा स्पंदन पावलेली पेशी पुढचे एक-दोन मिलिसेकंद पुन्हा स्पंदू शकत नाही, म्हणून एका पुंजक्यातील स्पंदनांमधल्या अंतरांचा आलेख काढला की मध्यभागी मोकळी दरी दिसली पाहिजे, ती दरी भरलेली असेल, तर त्या पुंजक्यात दोन पेशी मिसळल्या आहेत.

पायथनकडे मोठा ओघ वळला तो मेंदूच्या चुंबकीय नोंदींमुळे. चेतापेशींतून प्रवाह वाहिला की त्याभोवती पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रापेक्षा कोट्यवधी पटींनी क्षीण असे क्षेत्र निर्माण होते. डेव्हिड कोहेन यांनी १९६८ साली तांब्याच्या वेटोळ्याने आणि १९७२ साली अतिवाहक संवेदकाने ते टिपले, आणि या पद्धतीला एमईजी नाव मिळाले. डोक्याबाहेरच्या मापनावरून आतील उगमस्थान काढणे हा प्रश्न मात्र गणिताने एकमेव उत्तर देऊ शकत नाही. हेल्महोल्ट्झ यांनी १८५३ सालीच दाखवले होते की, आतील अनंत मांडण्या बाहेर एकच परिणाम घडवू शकतात. म्हणून काहीतरी अधिकचे गृहीत धरावेच लागते. फिनलंडमध्ये मात्ती हामालाइनेन आणि रिस्तो इल्मोनिएमी यांनी १९८४ साली ‘कमीत कमी एकूण प्रवाहाचे उत्तर स्वीकारावे’ हे गृहीतक मांडले, आणि हामालाइनेन पुढे बॉस्टनला गेल्यावर त्यावर आधारलेले एमएनई हे सॉफ्टवेअर तेथे वाढले. त्याचे पायथनमधील रूप अलेक्सांद्र ग्रामफोर यांच्या पुढाकाराने २०१०च्या अखेरीस सुरू झाले आणि २०१३ साली अनेक देशांतील सहलेखकांच्या नावांनिशी निबंधरूपाने जाहीर झाले. भाषेपासून आलेखापर्यंत सर्व थर मुक्त असलेले हे या क्षेत्रातील पहिले व्यापक साधन म्हणता येईल, आणि त्यातील मेंदूच्या रेषा मॅटप्लॉटलिबनेच रेखाटल्या जात होत्या. उत्तर जेथे गृहीतकावर अवलंबून आहे तेथे ते गृहीतक वाचता येणे ही वैज्ञानिक प्रामाणिकपणाची किमान अट आहे, आणि गृहीतक निबंधात ओझरते असले तरी आज्ञावलीत पूर्ण असते.

ही अट किती खरी आहे, याचा अनुभव शेजारच्या शाखेने लवकरच घेतला. एफएमआरआय, म्हणजे मेंदूतील रक्तपुरवठ्याच्या बदलांवरून त्याची क्रिया पाहण्याची पद्धत, तीन मुख्य सॉफ्टवेअरवर चालते: एसपीएम, एफएसएल आणि एएफएनआय. स्वीडनचे अँडर्स एक्लुंड व हान्स क्नुट्सन आणि ब्रिटनमधील थॉमस निकोल्स यांनी खुल्या केलेल्या संग्रहांतून ४९९ निरोगी व्यक्तींच्या विश्रांतीवेळच्या नोंदी घेतल्या, ज्यांत कोणताही प्रयोग नव्हता आणि म्हणून खरा परिणामही सापडू नये, आणि त्यांवर सुमारे ३० लाख विश्लेषणे चालवली. चुकीचा होकार शंभरांत पाच वेळा यावा अशी अपेक्षा असताना काही मांडण्यांत तो सत्तरपर्यंत आला, असे त्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केले. या तपासणीच्या ओघात एएफएनआयच्या एका भागात पंधरा वर्षे लपून राहिलेला दोषही उघड झाला आणि मे २०१५ मध्ये तो दुरुस्त करण्यात आला; केवळ योगायोगाने उजळलेला पुंजका किती मोठा असू शकतो याचा अंदाज तो भाग प्रत्यक्षापेक्षा कमी देत होता. लेखकांना स्वतःच्या निबंधातील किती जुनी संशोधने बाधित झाली याविषयीचे विधानही नंतर सौम्य करावे लागले. मुक्त सॉफ्टवेअरमध्येही दोष पंधरा वर्षे राहू शकतो, ही गोष्ट नाकारण्याचे कारण नाही; सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचे माणसाला वाचता येणारे मूळ रूप, समोर असूनही तो वाचणारे डोळे थोडे असतात. परंतु दोष सापडला, त्याची जागा दाखवता आली आणि त्याचा परिणाम कोणालाही स्वतंत्रपणे मोजता आला, कारण नोंदी आणि आज्ञावली दोन्ही उपलब्ध होत्या.

त्यानंतरचे लक्ष पुन्हा फाइलींकडे, म्हणजे ईडीएफच्या कर्त्यांनी जेथे सुरुवात केली होती तेथे, वळलेले दिसते. मेंदूच्या नोंदी कोणत्या नावांनी, कोणत्या फोल्डरांत आणि कोणत्या माहितीसह ठेवाव्यात याचा ‘बिड्स’ हा सामायिक संकेत २०१६ साली एमआरआयसाठी प्रसिद्ध झाला, २०१८ साली एमईजीसाठी आणि २०१९ साली ईईजीसाठी त्याचा विस्तार झाला. ईईजीलॅब, फील्डट्रिप, ब्रेनस्टॉर्म आणि एमएनई यांच्या कर्त्यांनी, एरवी एकमेकांना पर्याय असलेली साधने बांधत असूनही, तो आपापल्या प्रणालींत आणला. ईईजीच्या प्रत्येक नोंदीसोबत काही माहिती लिहिणे त्यात सक्तीचे आहे: संदर्भ-इलेक्ट्रोड कोणता, सेकंदाला किती मापने घेतली, आधी कोणती गाळणी लावली, आणि ती लावली नसेल तर तसेही स्पष्ट नमूद करायचे. त्याच यादीत स्थानिक वीजपुरवठ्याची वारंवारताही येते, कारण तिची गुणगुण प्रत्येक नोंदीत शिरलेली असते, आणि पुण्यात घेतलेल्या नोंदीत ती ५० हर्ट्झवर शोधावी लागते, तर बॉस्टनमध्ये घेतलेल्या नोंदीत ६० हर्ट्झवर.